तळघरातली पोर्ट आणि परतीचा रस्ता

आमच्या अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या मराठी ग्रुपमध्ये जेवणं झाली, की बडीशेपेबरोबर किस्से निघतात. पूर्वी ते फजितीचे असायचे. कुणी गराजचं दार बंद असतानाच गाडी रिव्हर्समध्ये टाकली, कुणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूट न करताच बायकोशी भांडला. हल्ली साठतात ते सगळे घाबरण्याचे. घाबरताना कुणाला हसू येत नाही, पण आठवड्याभरानं तीच गोष्ट कुणीतरी सांगायला घेतं आणि सगळे पोट धरून हसतात. एका पोर्ट वाइनच्या तळघराची टूर ठरवताना आम्ही इतके घाबरलो, की वर्षभराची बेगमी झाली!

आधी माझी भीती सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. मी सुगत, मूळचा नागपूरचा. इथे एच-वन व्हिसावर आहे आणि त्याचं एक्स्टेन्शन अडकलंय. उत्तर येईपर्यंत पोलिसांच्या कुठल्याही रेकॉर्डवर नाव येता कामा नये, असं वकिलानं बजावलंय. आलं, तर घर, मुलीची शाळा, बायको विशाखाची नोकरी, सगळं आवरून निघायचं. त्यामुळे मी स्टॉप साइनला इतका वेळ थांबतो, की एकदा मागच्या गाडीतला माणूस उतरून तब्येत विचारायला आला होता!

* * *

टूर निघाली ती डॉक्टरकाकांमुळे. काका तरुणपणी डेट्रॉइटला आले, आयुष्यभर सर्जरी केली, आता रिटायर होऊन इथे मुलाजवळ राहतात. अमेरिकेचे नागरिक आहेत आणि कुणाच्या बापाला घाबरत नाहीत. त्यांच्या घरात नियम एकच, मराठी. इंग्रजी वाक्य बोलणाऱ्याला एकोणतीसचा पाढा म्हणावा लागतो, वय काहीही असो.

आमचा मंदार पुण्याचा, एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. एकदा उशीर झाला म्हणून दारातच "सॉरी, वुई आर लेट" म्हणाला. काकांनी त्याला पायपुसण्यावरच उभं केलं. साताशी येऊन तो अडकला आणि बायकोकडे, म्हणजे केतकीकडे, आशेनं बघायला लागला.

"अहो, वरण गार होतंय!" काकू आतून म्हणाल्या.

"होऊ दे. व्हाइस प्रेसिडेंट विचार करतायत!"

मी काकांबरोबर भाजी आणायला जायला मात्र घाबरतो. ते भर दुकानात तीन रांगा पलीकडून हाक मारतात, "सुगत, कोथिंबीर घेतलीस का रे?" सगळे वळून बघतात. बाहेरून आलेल्यांसाठी इथे हल्लीचे दिवस कसे आहेत ते आपल्याला माहीत आहे. मी मान खाली घालतो. काका म्हणतात, "लाजतोस काय? आपली भाषा बोलतोय, चोरी नाही केली!"

* * *

तर काकांनी जाहीर केलं, "माझ्या पंचाहत्तरीला केक नको, मला पोर्ट पाजा. आणि ती जिथे मुरते तिथे नेऊन पाजा." डेट्रॉइटच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या म्हाताऱ्या सीनियरनं त्यांना ही गोड वाइन पाजली होती. त्या दिवशी पहिल्यांदा या देशात ऊब मिळाली, असं ते म्हणतात.

मंदार लगेच म्हणाला, "मग पोर्तुगालच! खरी पोर्ट तिथलीच. नदीकाठी तळघरांची रांगच्या रांग आहे. टूर, टेस्टिंग, सगळं मिळतं." केतकीनं तेवढ्यात विमानंसुद्धा बघितली.

मग तिनंच फोन उलटा ठेवला. देशाबाहेर पडायचं म्हणजे परत येताना स्टॅम्पिंग आलं, पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का, आणि तो नाकारला की आम्ही तिकडेच अडकलो. मंदारचं ग्रीन कार्ड कुठे रखडलंय ते त्यालाच माहीत नाही. माझी कथा वर सांगितलीच.

शेवटी विशाखा म्हणाली, "जाऊ की सगळे. परत फक्त काका-काकू येतील!"

* * *

तेव्हा आमच्या जॉर्जिया राज्यातच बघायचं ठरलं. उत्तरेला डोंगरात वायनऱ्या आहेत, त्यातल्या काही पोर्टसारखी वाइन करतात. आमच्यापुढे तीन टूर आल्या. पहिली मोठी, बसेस येणारी. दुसरी डोंगर पोखरून केलेल्या तळघराची. तिसरी एका म्हाताऱ्या जोडप्याची, छोटी, घराच्याच खाली.

मंदार रिव्ह्यू वाचतो ते फक्त एका ताऱ्याचे. दुसऱ्या टूरबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, 'पिंपांमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं.' केतकीला बंद जागेची भीती, त्यात हे. तिनं थेट वायनरीला फोन लावला आणि विचारलं, "तळघराला बाहेर पडायचे रस्ते किती?"

 पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, ते तळघर आहे. आत जायचं तिथूनच बाहेर यायचं."

दुसरी टूर बाद! पहिलीच्या रस्त्यावर पोलीस फार उभे असतात, असं मला ऑफिसात कळलं होतं, ती मीच बाद केली. राहिली तिसरी. तिच्याकडे जाणारे दोन रस्ते आम्ही मॅपवर मोठे करकरून बघत होतो. कुठे पंप आहे, कुठे उतरावं लागणार नाही, कुठे वस्ती कमी आहे. काका चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले.

"अरे, तुम्ही वाइन निवडताय, की पळून जायचा रस्ता?"

* * *

मी स्वतः पीत नाही. घरात लहानपणापासून पंचशील, आणि दारू न पिण्याचं शील आईच्या जास्तच जिव्हाळ्याचं. त्यामुळे ग्रुपमध्ये गाडी कायम माझ्याकडे. नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी म्हणालो, "काकांच्या वाढदिवसाला द्राक्षाच्या बागेत चाललोय."

आईनं चष्मा लावून फोन जवळ घेतला. मग म्हणाली, "जा बाबा. पण द्राक्षं जुनी असली, तर वाससुद्धा घेऊ नको!"

* * *

ठरलेल्या दिवशी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून मी आणि विशाखा काका-काकूंना घ्यायला गेलो, तर त्यांच्या दारात मंदार-केतकी स्वतःची गाडी घेऊन हजर.

"अरे, माझ्या गाडीत जागा आहे की!" मी म्हणालो.

"नको रे. तुला काही झालं, तर दुसरा शुद्धीवर असलेला ड्रायव्हर पाहिजे. मी नाही पिणार," मंदार म्हणाला.

"आणि मंदारनं चुकून घेतलीच, तर मी आहे. मीपण नाही पिणार," केतकी म्हणाली. विशाखानं तर सकाळीच जाहीर केलं होतं, की माझे हातपाय गार पडले तर गाडी ती चालवणार, तेव्हा तीही पिणार नाही. काकू पीत नाहीतच, वर त्यांना काकांच्या शुगरची धास्ती.

तळघर खरंच छान होतं. पायऱ्या उतरल्याबरोबर थंडगार हवा, ओल्या लाकडाचा वास, भिंतीला लागून काळी पडलेली पिंपं. मालकीणबाई हौसेनं सांगत होत्या, की द्राक्षांची साखर संपायच्या आधीच ब्रँडी घालतात, म्हणून ही वाइन गोड राहते. काकू माझ्या कानात म्हणाल्या, "म्हणजे साखर तशीच? अरे देवा!"

बाईंनी पेले भरले. काकांनी डोळे मिटून घोट घेतला. बाकी आम्ही पेला नाकाशी नेला, मान डोलावली आणि तसाच खाली ठेवला. पुन्हा भरायला आल्या, तर सगळे पेले भरलेलेच! बाईंनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि फार मायेनं विचारलं, "तुम्ही चर्चच्या ग्रुपबरोबर आलात का?"

* * *

पुढचा मान केतकीचा. वाइन कशा अंधारात मुरते ते दाखवायला बाईंनी न सांगता दिवे घालवले. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. केतकी किंचाळली. तिनं शेजारचा हात घट्ट धरला, "मंदार, सोडू नकोस हं" म्हणाली. मंदारचा आवाज दुसऱ्याच कोपऱ्यातून आला, "अगं, मी इकडे आहे!"

त्या गोंधळात कुणाचा तरी पेला कलंडला आणि सगळी पोर्ट माझ्या शर्टावर सांडली. आणि अंधारात काकांचा खणखणीत आवाज घुमला, "घाबरू नका रे! मी आहे ना!"

दिवे लागले, तेव्हा केतकीनं मालकीणबाईंचा हात धरलेला होता, आणि त्याही तिचा सोडायला तयार नव्हत्या!

* * *

परतताना मंदारची गाडी पुढे निघून गेली. मी चालवत होतो, काका शेजारी, काकू आणि विशाखा मागे. माझा शर्ट अजून ओला होता, गाडीभर पोर्टचा वास. काका खुशीत होते, डेट्रॉइटच्या सीनियरची नक्कल करून दाखवत होते, मोठमोठ्यानं.

आरशात पोलिसांचा निळा दिवा दिसला.

मी गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंग सोडवत नव्हतं. एक थेंब घेतला नव्हता आणि अंगाला पिंपासारखा वास येत होता. वकिलाचं वाक्य आठवलं, शाळेच्या दारात दप्तर घेऊन उभी असलेली मुलगी डोळ्यांपुढे आली. मागे काकू पुटपुटत रामरक्षा म्हणायला लागल्या.

काका कुजबुजले, "मराठी बोलू नका. कुणीच."

मला आधी कळलंच नाही. काकूंचं चालूच होतं. काका मागे न बघता म्हणाले, "सुधा, स्टॉप इट. प्लीज." त्यांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर पालथे ठेवले होते, बोटं पसरून. कुणी सांगितलं नव्हतं.

पोलीस खिडकीशी आला, वाकला, आणि थांबला. "प्यायलायस का?"

"नाही, सर. मी पीतच नाही."

"वायनऱ्यांच्या रस्त्यानं येतोयस, एवढा वास येतोय आणि पीत नाहीस?"

"मी बुद्धिस्ट आहे, सर." दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानं लायसन्स घेतलं, मला खाली उतरवलं, नळीत फुंकायला लावलं.  त्यानं आकडा बघितला, मग मला दाखवला. शून्य. लायसन्स परत देत म्हणाला, "तुमच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहिलंय, ते सांगायला थांबवलं होतं. बर्थडे पार्टीला गेला होतात वाटतं?" मागच्या सीटवर काकूंनी आणलेले फुगे होते. तो हसला आणि गेला.

मी झाकण लावलं, गाडीत बसलो, निघालो.  हायवे लागला तरी काकांचे हात डॅशबोर्डवरच होते. विशाखा हळूच म्हणाली, "काका, हात..."

"येस, येस. कीप ड्रायव्हिंग."

काकांच्या घरी पोचलो, तर मंदार ड्राइव्हवेतच उभा. "काय झालं? एवढा उशीर? आम्ही किती घाबरलो!" तो मोठ्यानं म्हणाला. काका खाली उतरले, त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "इनसाइड. टॉक इनसाइड." मंदारनं माझ्याकडे पाहिलं. पाढ्याचं कुणी नाव काढलं नाही.

आत आल्यावर काकूंनी आधण ठेवायला पातेलं काढलं.

"अहो, चहा टाकू ना?"

काका खिडकीपाशी गेले. बाहेर रस्त्याकडे बघितलं, ब्लाइंड्स खाली ओढले, पट्ट्या मिटवल्या. मग काकूंजवळ येऊन अगदी हळू म्हणाले,

"टाक."