खांड आहे त्या स्थितीत ठेवावी

माझं पदव्युत्तर शिक्षण पनवेलमध्ये झालं असं मी सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे संशयाने बघतात. त्या काळात पनवेलला पदवीधरच मोजके, पदव्युत्तर कुठून येणार? पण होतं. वाचनालयाच्या माडीवर, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी पाच ते सात. विद्यार्थी दोन.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता. आता सगळा कारभार मराठीतून होणार अशी बातमी आली आणि ती ऐकून अख्ख्या गावात एकच माणूस खडबडून उठला. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन, दम्याला इथली हवा मानवते म्हणून राहायला आलेले हे गृहस्थ. त्यांना 'सर' म्हणायचं, असं त्यांनीच ठरवलं होतं. वर्गाचं नाव 'व्यावसायिक लेखन व पत्रव्यवहार (पदव्युत्तर)'. प्रवेश फक्त पदवीधरांना. मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. ते बसणं वडिलांच्या डोळ्यांवर येऊ लागलं, म्हणून मी ते वाचनालयात हलवलं. दुसरा विद्यार्थी इस्रायली आळीतला, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंच्या वस्तीतला, माझा मित्र. त्याला वडिलांच्या तेलाच्या दुकानात बसून कंटाळा आला होता.

पहिल्याच दिवशी सरांनी टेबलावर छडी आपटली. "पहिल्या पानावर मागणी करणारा माणूस रानटी समजावा!"

"मग पहिल्या पानावर काय करायचं, सर?" मित्राने विचारलं.

"नम्रता!"

"आणि दुसऱ्या?"

"संदर्भ!"

'मला हवे' असं कुणी लिहिलं की सरांना ठसका लागायचा. 'मिळणे योग्य होईल किंवा कसे' असं लिहायचं. हे 'किंवा कसे' सर डोळे मिटून म्हणत, गवई समेवर यावा तसे. दोन महिन्यांत मी पुरता बिघडलो. आईने एकदा विचारलं, "छत्री नेतोस का?" मी म्हणालो, "बाब विचाराधीन आहे." तिने छत्री परत खुंटीला लावली आणि मी भिजत वर्गाला गेलो.

परीक्षा टपाली होती. खरा अर्जदार शोधायचा, खऱ्या कचेरीला खरा अर्ज लिहायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं की पास. त्यात काय लिहिलंय, याची चौकशी सरांच्या अभ्यासक्रमात नव्हती. मित्राने इस्रायलला निघालेल्या काकांच्या पासपोर्टासाठी लिहिलं. 'फोटो जोडलेला नाही' असं उत्तर आलं. पास!

मला अर्जदार दारातच मिळाली. आमच्याकडे मीठ घालायला खाडीकाठच्या रोडपाली गावची एक मावशी यायची. वय साठीचं, आवाज खाडीच्या पलीकडे जाणारा. त्या दिवशी मिठाची पाटी उतरवून ती ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "बांदाला खांड परलीय."

खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध असतो. तो फुटून वाट पडली की ती खांड. मावशीचं शेत बांधाला अगदी चिकटून, म्हणजे पाणी आधी तिच्याकडे.

"केवढी पडलीय?" मी विचारलं.

"म्हस जाईल एवरी. आता भाताची आवणी झाली. नारली पुनवेचं उधान आलं ना, तं मंग भात गेलाच, आनि जमीन पन दोन-तीन वरसं गेली."

"मग गाव काय करतंय?"

"बसलाय! आदी घरटी मानूस जायचा बांदावर. आता सगले बोलतात, बांद सरकारचा झालाय, सरकार बुजवील. तू लिवनं शिकतस ना? मंग लिव सरकारला."

मला तिच्या जागी साक्षात प्रमाणपत्र दिसू लागलं. मी तीन रात्री, चुकलो, तीन दुपारी खपून सहा पानी अर्ज लिहिला. असा अर्ज पुन्हा होणे नाही.

मावशीचा, आणि तिच्या गावाचाच, एक रिवाज होता. लिहून एकाकडून घ्यायचं आणि वाचून दुसऱ्याकडून. तिने माझा अर्ज उचलला आणि थेट माझ्या मित्राच्या दुकानात नेला. "हा देवासाठी शनवारी दुकान बंद ठेवतो," ती मला तोंडावर म्हणाली, "हा खोटं वाचनार नाय."

मित्र घाण्याच्या तेलाने माखलेले हात पुसून वाचू लागला. विनंतीमागून विनंती. मावशी पिंपावर हात टेकून ऐकत होती. शेवटी तिला राहवेना.

"खांड कदी येनार?"

"तिसऱ्या पानावर," मित्र म्हणाला.

"तवर पानी चुलीत शिरल!" मग माझ्याकडे बघून तिने हात झटकला. "जाऊंदे. सरकारची बोली सरकारला कलत असल. धाड."

अर्ज गेला. त्यानंतर आम्ही दोघं वाट बघत राहिलो. ती माणसांची, मी पाकिटाची. दर आठवड्याला मिठाबरोबर खांडीचं नवं माप यायचं. म्हशीची बैलगाडी झाली. मी हळहळायचो आणि लगेच पोस्टमनला गाठायला पळायचो. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या वेळी बैलगाडीपेक्षा मला पाकिटाचीच काळजी होती.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले असताना पाकीट आलं. मी ते न उघडता धावत माडीवर नेलं. सरांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं, वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किंवा कसे!" ते पुटपुटले. "अरे, त्यांनीही लिहिलंय! पहिला वर्ग! तुझा पहिला वर्ग!"

मी पाव किलो पेढे घेतले आणि सायकल मारत रोडपाली गाठली. मावशी बांधावर उभी होती. खांडीतून पाणी आत-बाहेर करत होतं आणि तिच्या पहिल्या वाफ्याचं भात पिवळं पडलं होतं. मी पेढा पुढे केला. "मावशी, उत्तर आलं!"

तिने पेढा घेतला नाही. "मंग? येनार का नाय?"

मी तिथेच उभ्या उभ्या ते पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवू लागलो.

"मना नको सांगू," मावशी म्हणाली. "चल. गावाला वाचून दाव."

देवळासमोर वीसपंचवीस पुरुष विड्या ओढत बसले होते. मला त्यांनी चौथऱ्यावर चढवलं. इस्त्रीची पांढरी पँट, हातात सरकारी कागद. मी घसा साफ केला.

"उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर खांड या कार्यालयाच्या कक्षेत येते किंवा कसे, याबाबत वरिष्ठ कार्यालयाचे मार्गदर्शन मागविण्यात आले आहे. मार्गदर्शन प्राप्त होईपर्यंत सदर खांड आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावी."

एका म्हाताऱ्याने विडी विझवून कानावर ठेवली.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"आं. आनि दर्याला कलवलंय काय, थांब म्हनून?"

मागून कुणीतरी ओरडला, "दर्याला नक्कल धाडली असल!"

मग जे हसू उसळलं ते थांबेना. हसता हसताच एक जण उठला आणि घरातून फावडं घेऊन आला. दुसऱ्याने घमेलं आणलं. मावशी कंबरेवर हात ठेवून उभी. "मी दोन मयने कोकलत होते, माजा कोनी ऐकला नाय. सरकारनं सांगितला तवा समाजला ना, कोन येत नाय ते?"

मी सायकलीकडे सरकत होतो.

"तू कुटं चाललास? तुजी खांड नाय काय ती?"

पुढचे सहा दिवस ओहोटी साधून मी घमेली वाहिली. चिखल गुडघ्यापर्यंत. पेंढा, झाडाच्या फांद्या आणि चिकणमाती यांचे थर कसे द्यायचे, हे मला तिथे शिकवण्यात आलं आणि तिथे कुणी नम्रतेचं पान मागितलं नाही. पँट पुन्हा कधी पांढरी झाली नाही. नारळी पौर्णिमेचं उधाण बांधाच्या ओठापर्यंत आलं, तासभर तिथे घुटमळलं आणि परत गेलं. मावशीचा एक वाफा गेला, बाकी शेत वाचलं.

दिवाळीनंतर मात्र दुसरं पाकीट आलं. मार्गदर्शन प्राप्त झालं होतं. कुणी साहेब समक्ष पाहणी करून गेला होता आणि 'जागेवर खांड आढळून आली नाही'. तरी कचेरीची दिशाभूल केल्याबद्दल कारवाई का करू नये, याचा अर्जदाराने खुलासा करावा.

मी धावत मावशीकडे गेलो. ती कापलेलं भात झोडत होती. मी वाचून दाखवलं. शेवटी म्हणालो, "मावशी, घाबरू नकोस. मी दोन ओळींत साफ लिहितो. खांड होती, आम्ही बुजवली."

"खुला हायस काय?" तिने पेंढी खाली टाकली. "दोन वलीचं कागद घटकंत वाचतील नि परत येतील. तुला सरांनी काय शिकवलाय? मोटं लिव. तवाच्या वानी."

मी अकरा पानं लिहिली. सरांनी सुचवलेले संदर्भ घातले, तीन परिशिष्टं जोडली. खांड सातव्या पानावर आली आणि नवव्या पानावर ती होती किंवा कसे, याबद्दल मीच कचेरीचं मार्गदर्शन मागितलं. मित्राने दुकानात ते मावशीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. वाचता वाचता त्याला दोनदा पाणी प्यावं लागलं. मावशी पिंपावर टेकून ऐकता ऐकता झोपली. जागी झाल्यावर म्हणाली, "हां. आता झक्कास झालाय."

त्याला उत्तर आलं नाही. सरांच्या नियमाप्रमाणे या दुसऱ्या पेपरात मी नापास होतो, आणि ते मला पुढची दहा वर्षं रस्त्यात भेटले की विचारायचे, "आलं का रे?" मी मान हलवायचो. मावशीही विचारायची, दर आठवड्याला, मीठ मापता मापता.

"आला काय रं कागद?"

"नाही, मावशी."

मग ती मापावर एक ओंजळ मीठ जास्त घालायची.