डावा खालचा पंख

अकोल्यात ट्रकवर टाकायची ताडपत्री फाटली, की माणसं दीपमाला तेलगोटे यांच्या दुकानात येतात. टिळक रोडच्या मागच्या बोळीत दुकान आहे. दोन जड शिलाई मशीन आणि बसायला एक लाकडी बाकडं. दीपमालाबाई आता चोपन्न वर्षांच्या आहेत. वयाच्या विसाव्या वर्षापासून त्या जाड कापड शिवतात. यजमान प्रीतम शाळेत शिपाई होते, अलीकडेच निवृत्त झाले. चौदा वर्षांपासून दुकानात शालू नावाची बाई मदतीला आहे. हात साफ, बोलणं कमी. मी बाईंना ताडपत्रीवाल्या बाई म्हणूनच ओळखत होतो. त्यांनी विमान शिवलं, हे मला फार उशिरा कळलं.

ते विमान अमेरिकेत १९३० साली बनलेलं. एकावर एक असे दोन जोड पंख, सांगाडा लाकडी आणि त्यावर ताणून बसवलेलं सुती कापड. पुढच्या खोबणीत टपालाच्या थैल्या ठेवायच्या आणि वैमानिकानं मागे उघड्यावर बसायचं, ऊनवारा अंगावर घेत. थैल्या भिजू नयेत म्हणून त्या खोबणीला आतून पत्रा आणि वरून झाकण होतं; वैमानिकाच्या डोक्यावर मात्र काहीच नव्हतं. चार-पाच वर्षांत टपालासाठी मोठी, बंदिस्त विमानं आली आणि ही छोटी विकायला निघाली. एका तेल कंपनीनं हे घेतलं, थैल्यांच्या जागी शेजारी शेजारी दोन चामडी खुर्च्या बसवल्या, आणि कंपनीचे साहेब त्यातून एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर जाऊ लागले. पुढे कापसाच्या व्यापारातला एक अमेरिकन अधिकारी ते पेट्यांत घालून मुंबईला घेऊन आला आणि वऱ्हाडातल्या सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांवर फिरू लागला. महायुद्ध सुरू झालं तसा तो परत गेला. जाताना विमान अकोल्याच्या एका जिनवाल्याला देऊन गेला. पेट्रोल मिळेना आणि उडवणारंही कोणी नव्हतं. पंख उतरवून गोदामाच्या आढ्याला टांगले गेले. कापड उंदरांनी खाल्लं.

त्या जिनवाल्याचे नातू म्हणजे गजेंद्रभाऊ. आयुष्यभर त्यांनी प्रवासी विमानं चालवली, साठीला निवृत्त झाले आणि आजोबांचं विमान उडवायचंच म्हणून अकोल्याला परतले. शिवणीच्या धावपट्टीजवळ एक शेड भाड्यानं घेतली. मदतीला अंजनगाव सुर्जीचे नत्थुजी आले. हवाई दलात तीस वर्षं त्यांनी विमानं दुरुस्त केली होती. लाकूड आणि इंजिन दोघांनी मिळून तीन वर्षांत उभं केलं. कापडाशी मात्र अडले. तेव्हा कोणीतरी दीपमालाबाईंचं नाव सांगितलं.

"पंखाले कापड नुसतं चिकटवून चालत नाही, बाई," नत्थुजींनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं. "आतल्या एकेका फासळीले बांधा लागते. लांब सुई वरून खाली, खालून वर, अन् दर अडीच बोटाले गाठ. इंजिनापुढच्या पंख्याचा वारा जिथं बसते तिथं गाठी आणखी जवळ."

दोरा मेण लावलेला होता. बंगळुरूहून चार रिळं मागवली, एका पंखाला एक. बाईंनी गाठ शिकायला दोन दिवस घेतले आणि मग शालूला शिकवली. ऑक्टोबर ते जानेवारी दोघी शेडमध्येच असत. एक पंखाच्या वर, एक खाली, आणि मधून सुई जाई-येई. गाठींवर कापडाची पट्टी चिकटायची, पट्टीवर कापड आवळणारं रोगण चढायचं. रोगण वाळलं की पंखावर बोट मारल्यावर ढोलकीसारखा आवाज येई.

तीन पंख झाले, चौथ्याला नुसतं कापड ताणून झालं आणि प्रीतमचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. बाई सहा दिवस अमरावतीला दवाखान्यात राहिल्या. परत आल्या तेव्हा चौथा पंख, डावा खालचा, शालूनं सुई ओढायला शेजारीण घेऊन शिवून ठेवला होता. वर पट्टी, पट्टीवर रोगण. नत्थुजींनी ठोकून पाहिला, आवाज बरोबर आला. बाईंनीही हात फिरवला आणि म्हणाल्या, "चांगला झाला, शालू."

मार्चमध्ये परवानगीचे कागद आले. पहिलं उड्डाण रविवारी सकाळी ठरलं.

शनिवारी दुपारी दीपमालाबाई दुकानातली फळी झाडत होत्या. मशीनच्या तेलाच्या डब्यामागे त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. ओढून काढलं तर मेणाच्या दोऱ्याचं रीळ. कागदही फाडलेला नव्हता.

चार पंख, चार रिळं. एक भरलेलं रीळ शिल्लक राहूच शकत नव्हतं.

शालू एका ताडपत्रीला काजं पाडत होती. बाईंनी रीळ तिच्यापुढे धरलं.

"शालू, डावा पंख कोणत्या दोऱ्यानं शिवला?"

शालूनं रिळाकडे पाहिलं. "मले वाटलं दोरा संपला. तुमी दवाखान्यात होत्या, फोन कसा करू? ताडपत्रीचा दोरा घेतला, तो पांढरा. तो तं याच्याहून मजबूत हाय, ताई. ट्रकवाल्याचा तुटत नाही."

शालूचं म्हणणं खोटं नव्हतं. तो नायलॉनचा दोरा दोन माणसांनी ओढूनही तुटत नसे. त्यांनी मला नंतर सांगितलं, की त्या वेळी त्यांच्या मनात आलं, रीळ परत डब्यामागे ठेवून द्यावं. पंख रंगून झाला होता, कागद झाले होते, आणि दोरा मजबूतच होता.

मग त्यांनी दोन्ही दोऱ्यांचे हातभर तुकडे तोडले. मशीनच्या दांडीला दोन्हींची पंखावरचीच गाठ मारली आणि जोरानं झटके देत राहिल्या. मेणाच्या दोऱ्याची गाठ प्रत्येक झटक्याला आणखी आवळत गेली. नायलॉनची गाठ दहाव्या-बाराव्या झटक्याला सरकली आणि सुळकन सुटून आली. दोरा तुटला नव्हता. त्याला काहीच झालं नव्हतं.

शालूचा चेहरा उतरला. "आता काय होईन, ताई?"

"उड्डाण उद्या हाय. आज उघडू पंख." बाईंनी गजेंद्रभाऊंना फोन लावला. उचलला नाही. नत्थुजींना लावला, तोही वाजत राहिला. तिसऱ्यांदा शेडच्या राखणदाराला लावला, तेव्हा त्यानं सांगितलं, की उद्या अवकाळी पावसाचा इशारा आहे, म्हणून भाऊ आजच उडवून पाहणार आहेत. विमान बाहेर काढलंय.

"त्याइले थांबव. जाऊन सांग, दीपमाला म्हणते थांबा."

"इंजिन चालू झालं, बाई. ऐकू कुठी येते काही."

बाईंनी स्कूटी काढली. मूर्तिजापूर रोडवर शनिवारची गर्दी होती, पुढे तुरीच्या पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या. रीळ त्यांच्या हातातच राहिलं होतं. हँडलबरोबर त्यांनी ते मुठीत धरलं होतं. शिवणीच्या अलीकडे रस्ता वळतो तिथं त्यांना तो आवाज ऐकू आला, जड, एकसुरी. वर पाहायला त्या थांबल्या नाहीत. शेडपाशी पोचल्या तेव्हा धावपट्टी रिकामी होती.

नत्थुजी हातात रेडिओ घेऊन उभे होते, मान वर. पिवळ्या पंखांचं विमान धावपट्टीच्या पूर्वेला वळण घेत होतं.

"पाह्यलं का, बाई? कसं सुंदर चाललं."

"नत्थुजी, त्याइले खाली घ्या. डाव्या खालच्या पंखाले मेणाचा दोरा नाही. नायलॉन हाय. गाठी सरकतात."

नत्थुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मुठीतल्या रिळाकडे. त्यांनी लगेच रेडिओ तोंडाजवळ नेला.

"गजेंद्रभाऊ, नत्थू बोलून राहिलो. वेग वाढवू नका. डाव्या खालच्या पंखाचा बुंधा पाहा, तुमच्या बाजूचा. कापड कसं हाय?"

खरखर झाली. मग गजेंद्रभाऊंचा आवाज आला. "काहून?"

"आधी पाहा."

तो वेळ किती होता हे बाईंना सांगता येत नाही. त्यांना एवढंच आठवतं, की बांधावरच्या बाभळीवर होले घुमत होते आणि त्यांना त्या आवाजाचा राग येत होता.

"नत्थुजी," रेडिओतून आवाज आला. या वेळी फार हळू. "कापड श्वास घेऊन राहिलं. पट्टी एका जागी उचलली आहे, वीतभर."

नत्थुजींनी रेडिओ पुन्हा तोंडाजवळ धरला. "ऐका. पंख्याचा वारा तिथंच बसते. जितकं इंजिन दाबाल तितकं कापड उचललं जाईन. हळूहळू कमी करा. तीव्र वळण नको. लांबून सरळ या."

"इंजिन कमी केलं तर उंची जाते. मी चारशे फुटांवर आहे."

"जाऊ द्या. धावपट्टी समोर हाय तुमच्या. मोठा घेरा घ्या अन् या."

विमान दूर कापशीच्या बाजूला सरकलं, लहान होत गेलं, आणि वळलं. वळताना डावा पंख खाली कलला. बाईंना वाटलं, आता. पण तो परत सपाट झाला. समोरून येताना ते हलताना दिसतच नव्हतं, फक्त मोठं होत होतं. धावपट्टीच्या टोकाला ते इतकं खाली आलं, की कुंपणाच्या तारेला चाक लागेल असं वाटलं. शेवटच्या क्षणी इंजिनाचा आवाज थोडा चढला आणि त्याच वेळी डाव्या पंखावरून कापडाची एक पट्टी मोकळी होऊन हवेत फडफडू लागली. चाकं टेकली, विमान एकदा उसळलं, तिरकं धावलं आणि धावपट्टी सोडून गवतात जाऊन थांबलं.

गजेंद्रभाऊ बराच वेळ उतरले नाहीत. उतरले तेव्हा आधी पंखापाशी गेले. तिथं हात घालता येईल एवढी फट पडली होती. नत्थुजींनी सुरीनं कापड कापलं. पहिल्या तीन फासळ्यांवरच्या एक्केचाळीस गाठी सुटलेल्या होत्या. सरळ, पांढरा, नवाकोरा दोरा फासळ्यांवरून लोंबत होता.

"कोणी शिवलं हे?" गजेंद्रभाऊंनी विचारलं.

"माझ्या दुकानानं," दीपमालाबाई म्हणाल्या.

"नाव विचारून राहिलो मी."

"माझं लिहा. काम मी घेतलं होतं."

"मी वर होतो, बाई." एवढंच म्हणून ते शेडकडे चालत गेले. थोड्या वेळानं राखणदार येऊन म्हणाला, भाऊ म्हणतात, तुम्ही घरी जा.

बाईंनी त्याच संध्याकाळी काय घडलं ते एका कागदावर लिहिलं, सही केली आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात नत्थुजींकडे नेऊन दिलं. चौकशीसाठी लागेल म्हणून. नऊ दिवस कोणाचा फोन आला नाही. शालूही दुकानात येईना.

दहाव्या दिवशी नत्थुजी आले आणि बाकड्यावर बसले. चारही पंख उघडून तपासून झाले होते; आता परत शिवायचे होते. भाऊंना बंगळुरूहून कारागीर आणायचे होते.

"मग आणा न," बाई म्हणाल्या. "माझी कुठी ना हाय?"

"मी त्याइले म्हटलं, आधीच्या तीन पंखांत एक गाठ ढिली निघाली नाही. अन् चौथा ठोकून मीच पास केला. दोरा पाह्यल्याशिवाय पट्टी लावू दिली, ही चूक माझी. मलेही काढा मग." नत्थुजी पाणी प्यायले. "आज सकाळी ते म्हणाले, बाईले विचारून पाहा."

त्या दिवशी बाई शालूच्या घरी गेल्या. शालू तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"मी नाही हात लावत त्या विमानाले, ताई. मानूस मेला असता."

"तुले गाठ शिकवली मी," बाई म्हणाल्या. "पण हाच दोरा काहून, ते सांगतलं नाही. रीळ कुठी ठेवलं तेही नाही. तू विचारलं नाही अन् मी सांगतलं नाही. आता दोघीले माहीत हाय. उद्या सातला ये."

शालू दुसऱ्या दिवशी आली, पण आठ वाजता.

एप्रिल-मेच्या उन्हात शेडचा पत्रा तापायचा. दोघी पहाटे लागत आणि अकराला थांबत. आता नियम वेगळा होता. एका फासळीच्या गाठी झाल्या की नत्थुजी प्रत्येक गाठ बोटानं ओढून पाहत, वहीत सही करत, मगच पट्टी. डावा खालचा पंख शालूनंच शिवला. ती खाली बसली, बाई वर. कधी कधी एका गाठीसाठी ती तीनदा सुई परत मागवायची. बाई तीनदा परत द्यायच्या.

गजेंद्रभाऊ येत, पाहत, जात. बाईंशी त्यांचं बोलणं कामापुरतं होतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी विमान तीनदा एकट्यानं उडवलं. दरवेळी उतरल्यावर नत्थुजींनी पंख पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चालत बाईंपाशी आले.

"पुढं दोन खुर्च्या आहेत," ते म्हणाले. "तुम्ही दोघी बसता का? बसाच असं नाही."

शालू मागे सरली. "मले भेव लागते."

"मलेही लागते," बाई म्हणाल्या आणि पंखावर पाय ठेवून चढल्या. थोड्या वेळानं शालूही चढली. नत्थुजींनी दोघींचे पट्टे आवळले.

विमान धावलं, उसळलं, आणि जमीन सुटली. शालूनं डोळे मिटून बाईंचा हात घट्ट धरला होता. बाई डावीकडे वाकून खालच्या पंखाच्या बुंध्याकडे पाहत राहिल्या. पंख्याचा वारा तिथंच बसत होता. कापड हललं नाही. वर चढताना नाही, वळताना नाही. शिवणी, मोर्णा नदी, अकोल्याची सगळी वस्ती खालून गेली, पण बाईंनी ती पाहिलीच नाही.

उतरण्यासाठी विमान शेवटचं वळलं तेव्हा शालूनं डोळे उघडले. "ताई, खाली तं पाहा," ती म्हणाली. तेव्हा कुठे दीपमालाबाईंनी पंखावरची नजर काढली.