गुणाची पोर

आर्णी तालुक्यातल्या त्या तांड्यावर महिन्यातून एकदा पोरांचं वजन व्हायचं, आणि त्या दिवशी अंगणवाडीतला गोंधळ अर्ध्या तांड्याला ऐकू जायचा. झोळीत घालून काट्याला टांगलं की पोरं गळा काढायची. एकानं सूर लावला की बाकीची साथ धरायची. सत्यशीलाबाईंनी यावर एक तोड काढली होती. पहिली टांगायची ती खुशी. पावणेदोन वर्षांची ही पोर काट्यावर हूं की चूं करत नसे, आणि तिच्याकडे बघून बाकीचीही जरा दबायची. पर्यवेक्षिका भेटीला आल्या की बाई खुशीलाच पुढं करत आणि म्हणत, असं गुणाचं पोर साऱ्या तांड्यात नाही. यात आपलं काही चुकतंय, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

सत्यशीलाबाई शेजारच्या गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. नवरा वारल्यावर अंगणवाडी सेविका झाल्या, त्याला सोळा वर्षं झाली. रोज दोन किलोमीटर चालत तांड्यावर यायच्या. बंजारा बायकांत बसून बसून त्यांची गोरबोली निम्मीशिम्मी शिकल्या होत्या. बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या पदविकेला नाव घातलं. विषय होता तान्ह्या आणि लहान मुलांचं मानसिक आरोग्य. खरं सांगायचं तर विषयाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हातात एक कागद असला तर पुढंमागं पर्यवेक्षिका होता येईल, एवढंच. दर रविवारी एसटीनं यवतमाळ गाठायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि मॅडम सांगतील ते उतरवून घ्यायचं. तान्ह्या पोराला कसलं आलंय मन, असं त्या पहिले दोन महिने मनाशी म्हणत होत्या.

तिसऱ्या महिन्यात सुरभी मॅडमनी, वयानं बाईंच्या मुलीसारख्याच, भिंतीवर एक फिल्म दाखवली. दोन बाळं होती. आई खोलीतून उठून गेल्यावर एकानं आकांत मांडला. दुसऱ्यानं दाराकडे एकदा पाहिलं आणि ते परत खुळखुळ्याशी खेळू लागलं. मॅडमनी विचारलं, काळजी कोणाची करायची? सगळ्या वर्गानं रडणाऱ्याकडे बोट दाखवलं, आणि सगळ्यांत आधी सत्यशीलाबाईंनी.

"रडणाऱ्याला माहीत आहे की रडलं की कोणीतरी येतं," मॅडम म्हणाल्या. "शांत असलेलं प्रत्येक मूल दुखावलेलं नसतं. पण जे कोणासाठीच रडत नाही, त्याच्याकडे नीट पाहा. त्यानं वाट पाहणंच सोडलं असेल."

परतीच्या एसटीत बाईंना काही सुचेना. डोळ्यांपुढं काट्याला टांगलेली खुशी येत राहिली.

खुशीचे आईबाप, कौसल्या आणि रूपसिंग, दिवाळी झाली की ऊसतोडीला जात ते मे महिन्यातच परतत. तिकडं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. आई मागं राहिली की बापालाही काम नाही. म्हणून मागच्या दिवाळीनंतर अकरा महिन्यांच्या खुशीला आजोबा पूनमसिंगपाशी ठेवून दोघं गेली होती. म्हातारा प्रेमळ, पण कानानं अधू आणि दिवसभर शेळ्यांमागं. बाईंनी त्याला विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं, की पोर पहिले आठ दिवस लय रडली.

"मंग समजलं तिले," तो म्हणाला.

परीक्षेसाठी एका मुलाचा सहा महिने अभ्यास करायचा होता. बाईंनी खुशीचं नाव दिलं. नियम असा की निरीक्षकानं कोपऱ्यात बसून फक्त लिहायचं, मुलाला हात लावायचा नाही. आईबाप दुसऱ्यांदा ऊसतोडीला गेले, आणि बाई वही घेऊन खुशीच्या ओट्यावर बसू लागल्या. पोर उंबऱ्यात बसलेली असे. कोंबडी अंगावरून गेली तरी हलत नसे. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी वही मिटली, नियम गुंडाळून ठेवला आणि पोर मांडीवर घेतली. मग अंगणवाडी सुटली की रोज तासभर तिथंच. कधी तुरीच्या शेंगा सोलून एकेक दाणा तिच्या हातावर ठेवायच्या, कधी नुसतं बोलायच्या.

फेब्रुवारीत एके दुपारी बाईंनी जायला म्हणून चपला घातल्या आणि खुशीनं भोकाड पसरलं. पूनमसिंग शेळ्या सोडून धावत आला.

"रडू द्या काका," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं. "लय दिवसानं रडून राह्यली." त्या दिवशी त्यांना तांडाभर पेढे वाटावेसे वाटले. अहवालाच्या शेवटी त्यांनी लिहिलं, की हे बालक आता आपल्या माणसाला ओळखतं.

मे महिन्यात कौसल्या आली. उन्हानं काळी पडलेली, हाताला फडकं बांधलेलं, पिशवीत पोरीसाठी लाल फ्रॉक. तिनं हात पसरले तशी खुशी किंचाळली, पळत जाऊन सत्यशीलाबाईंच्या पायांना बिलगली आणि तोंड लपवून म्हणाली, "याडी." गोरबोलीत आईला याडी म्हणतात.

कौसल्या पसरलेल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"मी तिकडं फडात दिवसभर हिचंच नाव घेऊन राह्यली होती, बाई," ती म्हणाली. "अन् तुमी इथं हिची याडी होऊन बसल्या."

पूनमसिंगच्या फोनवर कौसल्या दर रविवारी बोलायची. पण तेव्हा म्हातारा शेळ्यांमागं रानात आणि बाई यवतमाळला वर्गात. सहा महिन्यांत एकदाही त्यांनी पोरीला आईचा आवाज ऐकवला नव्हता, फोनवर तिचा चेहरा दाखवला नव्हता. सगळी पुस्तकं आईबद्दल होती आणि बाई आईलाच विसरल्या होत्या. पोरीनं आपल्याला धरावं, ही भूक आपल्यालाच होती, हे कळून त्यांना स्वतःची लाज वाटली.

पदविकेत त्या केंद्रात पहिल्या आल्या. करायला गेले काय आणि वरती झाले पाय, असं त्या मॅडमना म्हणाल्या. मॅडमना वाटलं बाई विनयानं बोलताहेत.

त्या दिवाळीनंतर कौसल्या खुशीला घेऊनच निघाली. बाई विनवायला गेल्या. उसाच्या फडात पोराला कोण बघणार, इथं निदान मी आहे, फोन रोज लावून देईन, सगळं सांगून पाहिलं. कौसल्या एवढंच म्हणाली, "पोरगी माही हाय." ट्रक हलला तेव्हा खुशी बाईंकडे हात करून रडत होती. वळणापर्यंत ते रडणं ऐकू येत होतं.

पुढच्या मे महिन्यात वजनाच्या दिवशी कौसल्या स्वतः पोरीला घेऊन आली. तिचा राग आता निवळला होता. खुशी साडेतीन वर्षांची झाली होती. तिला काट्याला टांगलं. ती समोर बघत राहिली, आणि बाकीची पोरं तिच्याकडे बघून दबली. वजन चांगलं भरलं होतं. बाईंनी मोबाइलात आकडा टाकला.

"पाहा बाई, सुधरली पोरगी," कौसल्या कौतुकानं म्हणाली. "आता काहीच तरास नाही देत. फडात बसवलं तिथं बसते दिवसभर."

बाई उठल्या. दारात जाऊन त्यांनी चपला घातल्या, आणि पाठ करून उगाच बराच वेळ उभ्या राहिल्या. मागं कोणी रडलं नाही.