दोरवाल्याची खुशाली

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाकडं एक पत्र्याचा डबा असतो. सेट उघडला, दुरुस्त केला, परत बंद केला की एखादा स्क्रू हमखास उरतो. कुठला ते आठवत नाही आणि सेट तर नीट वाजतोय, म्हणून तो डब्यात जातो. पालम गावातल्या माझ्या दुकानात असे तीन डबे होते. जुन्या गिऱ्हाइकांनी हे मनावर घेऊ नये. किस्स्यांचंही तसंच आहे. दिवस निघून गेले, हे उरले, आणि कुठं बसवायचे ते कळत नाही. म्हणून आज एक डबा तुमच्यापुढं पालथा करतो.

या डब्यातले सगळे किस्से एकाच मालिकेपायी झालेले. आमच्याकडं टीव्ही नवा नवा दिसायला लागला, तेव्हा रविवारी सकाळी एक जुनी इंग्रजी मालिका लागायची. एक यान, त्यात दहा-पंधरा माणसं, आणि घरी जायचा रस्ता चुकलेला. मालिकेचं नाव लांबलचक होतं. आम्ही तिला नुसतं ‘यान’ म्हणायचो.

माझ्या घरी टीव्ही नव्हता, पण दुकानात दुरुस्तीला आलेला एखादा तरी कायम असायचा. तो मी शनिवारी दुरुस्त करायचो आणि मालकाला सोमवारी बोलवायचो. त्या सगळ्या मालकांचे आज जाहीर आभार. त्यांना बिचाऱ्यांना कधी कळलंच नाही.

*

इंग्रजी आमच्यात फक्त गुरुजींना यायचं. गुरुजी म्हणजे हायस्कूलचे इंग्रजीचे मास्तर. पडद्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि आम्हाला मराठीत सांगायचे. पण माणूस कमालीचा शिस्तीचा. पूर्ण कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि फालतू एक शब्द सांगायचा नाही.

एकदा यानाचा कॅप्टन आणि डॉक्टर पाच मिनिटं तावातावानं भांडले. टेबलावर मुठी आपटल्या. डॉक्टरनं तर डोळ्यांना रुमाल लावला. आम्ही सगळे श्वास रोखून गुरुजींच्या तोंडाकडं बघतोय. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "कॅप्टन नको म्हणतोय."

शेजारच्या दुकानाचा हमीद टेलर म्हणाला, "गुरुजी, इत्ता बोल्या, अन् फकत नक्को बोल्या?"

"बाकी राग होता," गुरुजी म्हणाले. "तो तुम्हाला दिसलाच की."

*

हमीदचा जीव कॅप्टनवर. शौर्यबिर्यामुळं नाही, कपड्यांमुळं! कॅप्टनचा ड्रेस वरपासून खालपर्यंत एकच, अंगाला चिकटलेला, आणि त्याला ना बटण ना चेन. हमीदला झोप लागेना. माणूस आत शिरतो कुठून? तीन रविवार त्यानं गोष्ट बघितलीच नाही. नुसती कॅप्टनची पाठ बघितली.

शेवटी निळं टेरीकॉट घेऊन त्यानं स्वतःच्या मापाचा तसाच ड्रेस शिवला. घालून दुकानात आला, तर मान्य करावं लागेल, दिसत होता झकास. अडचण काढताना आली. खांद्यावर अडकला. दोन्ही हात वर, तोंड कापडात, आणि आतून अल्लाचं नाव. मी एका बाजूनं ओढतोय, गुरुजी दुसऱ्या बाजूनं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई मालिका बघायला आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून बँडेज कापायची कात्री काढली आणि टेलरची सुटका केली.

हमीद पाणी प्यायला, घाम पुसला आणि गंभीरपणे म्हणाला, "अब समझ्या. म्हणून त्या कॅप्टनला कधी घरी जायची घाई नसते."

*

नर्सबाईंना कॅप्टनचं काडीचं कौतुक नव्हतं. त्यांची आवडती म्हणजे यान चालवणारी बाई. हमीद चिडवायचा, की हुकूम तर कॅप्टनच देतो. नर्सबाई म्हणायच्या, "हुकूम काय, कुणीबी देतंय. हँडल कुणाच्या हातात हाय ते बघा."

लसीकरणाला त्या वाड्या-वस्त्यांवर पायी जायच्या. एका सोमवारी त्यांनी कुणाचीतरी जुनी मोपेड घेतली आणि शिकायला लागल्या. पहिल्याच दिवशी अख्ख्या बाजारपेठेसमोर गाडी उकिरड्यात. आम्ही धावलो. बाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "पहिल्या भागात तिनं बी यान दगडावरच घातलं होतं."

त्याच मोपेडवर त्यांनी पुढं सगळा परिसर पालथा घातला. माझी धाकटी लेक जन्मताना पायाळू होती, पाय आधी. तेव्हा शेजारच्या गावाहून बाई वीस मिनिटांत आल्या. पायी आल्या असत्या, तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. ती परदेशातली नटी कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण तिचे उपकार माझ्या घरावर आहेत.

*

आता मुंजाजी. याच्यासाठीच मी डबा उघडला.

मुंजाजी जवळच्याच गावचा. चार एकर कोरडवाहू. दिवाळी झाली की बायकोला आणि थोरल्या भावाला, ग्यानबाला, घेऊन ऊस तोडायला पश्चिमेकडं जायचा, तो गुढीपाडव्याच्या पुढंमागं परत. त्यामुळं मालिका त्याला अर्धीच मिळायची. नर्सबाईंनी एकदा विचारलं, तिकडं टीव्ही नाही का? मुंजाजी म्हणाला, "हाय की, कारखान्यावर, हॉटेलात. पण कोयता ठिऊन कोण बघतंय."

म्हणून आमच्यात एक रिवाज पडला. मुंजाजी आला की येणाऱ्या रविवारी मालिका संपल्यावर त्याला राहिलेली सगळी गोष्ट सांगायची. चौघं मिळून सांगायचो. हमीदच्या तोंडून ऐकलं तर सगळं कॅप्टननंच केलेलं. नर्सबाईंच्या तोंडून ऐकलं तर कॅप्टन नुसता खुर्चीला भार. मुंजाजी दोन्ही ऐकायचा आणि म्हणायचा, "त्या मुकादमाचं ऱ्हाऊ द्या. दोरवाला कसा हाय?"

दोरवाला हे त्याचं दैवत. यानाला बाहेरून काही झालं, की कमरेला दोर बांधून बाहेर जायचा तो हा माणूस. पाच भागांत मिळून एखादं वाक्य बोलायचा. बाकीचे आत दिव्यांपुढं बसलेले आणि हा एकटा अंधारात लोंबकळतोय.

"बाकीचे नुसते बोलायलेत," मुंजाजी म्हणायचा, "काम त्यो एकटा करायलाय." एकदा म्हणाला, "आमचा दादा असाच गाडीवर चढतो. उसाची गाडी भरली की वरून दोर आवळायचं काम त्याचंच. गाठ बी तशीच मारतो."

एका रविवारी त्यानं ग्यानबालाच धरून आणलं. ग्यानबानं अर्धा तास पडदा बघितला, दोरवाल्याची गाठ बघितली, मान डोलावली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला. मुंजाजी दिवसभर खूश होता.

*

पुढच्या हिवाळ्यात दोरवाला मेला.

संक्रांत होऊन गेली होती. यान एका खडकात अडकलं. दोरवाला बाहेर गेला, अडकलेला भाग मोकळा केला, आणि त्याचाच दोर खडकात गुंतला. थांबलं तर सगळेच जाणार. त्यानं कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. यान निघालं. मग सगळ्यांनी मिळून उरलेला दोर आत ओढून घेतला. एकेकानं पुढं येऊन त्या दोराला एक गाठ मारली आणि दोर पुढच्याच्या हातात दिला. शेवटची गाठ कॅप्टनची. त्या दिवशी गुरुजींना काहीच सांगावं लागलं नाही.

नर्सबाई रडल्या. हमीद म्हणाला, "मुंजाजीला कोण सांगणार?" गुरुजी म्हणाले, मी सांगतो. मास्तर आहे, वाईट निकाल सांगायची सवय आहे.

पाडव्यानंतर मुंजाजी आला. त्याचं डोकं भादरलेलं होतं. ग्यानबा तिकडंच गेला होता, तापानं, चार दिवसांत. नर्सबाईंनी पाणी दिलं. मुंजाजीनं तांब्या खाली ठेवला. मग गुरुजींकडं बघून म्हणाला, "दोरवाला कसा हाय?"

ज्या माणसानं आयुष्यात एक फालतू शब्द सांगितला नाही, ते आमचे गुरुजी म्हणाले, "मजेत आहे. त्याची बदली झाली. दुसऱ्या यानावर."

*

इथून आमची खरी परीक्षा सुरू झाली. मुंजाजी पडद्यासमोर बसला की दोरवाला दिसणार नाही, हे बदलीमुळं निभावलं. पण त्याला खुशाली हवी असायची. मग दर रविवारी गुरुजी दुसऱ्या यानावरची बातमी सांगायला लागले. मालिका संपली, तिच्या जागी दुसरी आली, तीही गेली, तरी दोरवाल्याची खुशाली चालूच. एका मळ्याच्या ग्रहावर त्यानं विहिरीत उतरून मोटर काढली. एकदा बर्फात अडकला आणि हुरडा खाऊन राहिला. गुरुजींना इतकं सुचतं हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

घोटाळा एकदाच झाला. गुरुजी आजारी होते. नर्सबाईंनी सांगून टाकलं, की दोरवाला दोन वर्षांच्या मोहिमेवर गेलाय, पत्रसुद्धा येत नाही. त्याच दुपारी हमीदनं त्याचं लग्न लावून दिलं! वर स्वतः शिवल्यासारखं शेरवानीचं वर्णन केलं. संध्याकाळी मुंजाजी माझ्याकडं आला. तो शांतपणे म्हणाला, "लग्न झालं ते झ्याक झालं. पर लगेच दोन वर्सं भाईर? नव्या नवरीला काय वाटंल? गुरुजींना इचारून जरा लवकर बोलवा त्याला."

आम्ही महिन्याभरात त्याला परत आणला.

खरं सांगू? ती गोष्ट नंतर नुसती मुंजाजीसाठी राहिली नव्हती. हमीदचं दुकान एकदा जळालं. तेव्हा तो राखेत बसून म्हणाला, "गुरुजी, वो दोरवाला क्या करता ऐसे में?" गुरुजींनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी हमीदनं माझ्या ओट्यावर मशीन मांडलं. त्या दोरवाल्यानं आमची किती कामं केली याची मोजदाद नाही.

*

गुरुजी रिटायर झाले. मुलाकडं लातूरला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी माझ्या दुकानात चहा ठेवला होता. मालिका नाही, पडदा बंद, पण खुर्ची नेहमीच्याच जागी. गुरुजी दोन दिवस बेचैन होते. मला म्हणाले होते, की आता जाताना खोटं ठेवून जाणार नाही. मी म्हटलं, नका सांगू. नर्सबाईंनी तर हात जोडले. पण मास्तरांचं ठरलं होतं.

मुंजाजी आला. हातात कापडी पिशवी. कोपऱ्यात नेहमीसारखा उकिडवा बसला. गुरुजी उभे राहिले.

"मुंजाजी, मी तुला फसवलं. इतकी वर्षं. तो दोरवाला त्याच वर्षी, तू ग्यानबाला..."

त्यांनी चष्मा काढला. हमीद खाली बघायला लागला.

मुंजाजी उठला. पिशवीत हात घालून त्यानं बैलाचा एक जुना कासरा काढला. त्याला एक गाठ आधीच मारलेली होती, घट्ट, वापरून काळी पडलेली. तो दोर त्यानं गुरुजींच्या दोन्ही हातांत ठेवला. गाठींचा तो प्रसंग आम्ही त्याला कधीच सांगितला नव्हता. चौघांपैकी एकानंही. मला कारखान्यावरचं ते टीव्हीचं हॉटेल आठवलं.

"आदी तुमची गाठ मारा, गुरुजी," मुंजाजी म्हणाला. "अन् मग सांगा, त्यो सध्या कुठं हाय."