वसुधाताईंचा बँकॉकचा दिवस

वसुधाताई कर्णिकांनी मला पहिल्याच दिवशी मागे सोडलं होतं. मी तेव्हा पुण्याहून लंडनला नुकताच आलो होतो. नोकरी ब्रॅकनेलला, भाड्याची खोली हाउन्सलोला आणि ओळखीचं कुणीच नाही. इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांची एक सहल समुद्रकिनाऱ्यावर जाणार होती आणि बसमध्ये एक सीट रिकामी होती, म्हणून मी गेलो. परतायची वेळ साडेचारची. मी चिप्सचा पुडा घेऊन चार वाजून चौतीस मिनिटांनी पोचलो तेव्हा बस रस्त्याला लागत होती. हात करत मागे धावलो. बस थांबली नाही. दोन ट्रेन बदलून मी एकटाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. दारात एक ठेंगण्या, सत्तरीच्या बाई उभ्या. आखूड कापलेले पांढरे केस, अंगात कार्डिगन, पायात धावायचे बूट आणि हातात माझा स्टीलचा डबा.

"मी वसुधा कर्णिक. काल तुझा डबा सीटवर राहिला. आतले पराठे खराब झाले असते म्हणून मी खाल्ले. हे नवे केलेत."

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "बस कुणासाठी थांबत नसते. तुझ्यासाठी थांबवली असती तर आतल्या पस्तीस जणांना उशीर झाला असता, आणि त्यांनी काहीच केलं नव्हतं." रात्रभर मनात घोळवलेली सगळी वाक्यं मी गिळली आणि डबा घेतला. पराठे मेथीचे होते.

ताई लग्न होऊन नाशिकहून थेट हाउन्सलोला आल्या त्या एकविसाव्या वर्षी. यजमान विमानतळावर सामानाच्या कामाला होते. दोन वर्षांत ताई बसवर कंडक्टर झाल्या. त्या काळी साडीवर कोट चढवून बसच्या जिन्यावरून वर-खाली करणारी बाई बघायला लोक मान वळवत. ताई सांगायच्या, "बघू देत. बघताना सुटे पैसे काढायला विसरायचे, तेवढाच काय तो त्रास." पुढे बसवर कंडक्टर ठेवणंच बंद झालं, तेव्हा त्या डेपोत गाड्या सोडायच्या टेबलावर बसू लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. यजमान त्याआधीच गेले होते. त्यानंतर ज्येष्ठांच्या सहली त्यांनी अंगावर घेतल्या.

सहलीत त्या कधी डोकी मोजत नसत. प्रत्येक थांब्यावर बसच्या दारात उभ्या राहून एकेक नाव घ्यायच्या आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, आकडा मोजणं सोपं नाही का?" त्या म्हणाल्या, "आकडा बरोबर येतो आणि माणूस भलताच चढलेला असतो. मी पाहिलंय."

दोन वर्षांनी त्यांनी बँकॉकची सहल काढली. बावीस माणसं, पाच दिवस, त्यातला एक पूर्ण दिवस शहर पाहायचा. मला म्हणाल्या, "रजा टाक. तुला फोन कळतात, मला माणसं कळतात. दोन्ही लागतात."

यादीत स्टॅनमोरचे प्रधानकाका होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, नकाशे आखणारे निवृत्त ड्राफ्ट्समन, नीट भांग पाडणारे, मितभाषी. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता. त्यांची मुलगी अनघा इथेच जन्मलेली, शहरात वकिली करणारी. तिने आधी साफ नकार दिला. ताई मला घेऊन तिच्या घरी गेल्या.

अनघा म्हणाली, "ताई, बाबाचा मेमरी आता खूप वीक झाला आहे. तो सगळा विसरून जाणार. मग एवढा लांब जाऊन काय पॉइंट?"

"विसरतात ते नंतर ना?" ताई म्हणाल्या. "बघताना तर बघतात."

अनघाने वडिलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही रिस्पॉन्सिबल."

"मी जबाबदार," ताई म्हणाल्या.

निघताना ट्रेनमध्ये त्यांनी मला सांगितलं, "मंदार, तिथे तुझं काम एकच. काका तुला दिसत राहिले पाहिजेत."

बँकॉकच्या त्या दिवशी सकाळी सातला आम्ही हॉटेलच्या दारात उभे होतो. प्रत्येकाच्या गळ्यात ताईंनी एक कार्ड अडकवलं होतं, त्यावर थाई अक्षरांत हॉटेलचा पत्ता. आमची गाइड नोई नावाची हसरी मुलगी होती. ती पुढे छत्री उंच धरून चालायची आणि ताई सर्वांत मागे. राजवाड्याच्या दारात आमच्यातल्या एका काकांना हाफ पँटमुळे अडवलं, तेव्हा ताईंनी पिशवीतून स्वतःची ओढणी काढून त्यांच्या कमरेला लुंगीसारखी गुंडाळली. सोन्याची छपरं उन्हात अशी तळपत होती की डोळे किलकिले करावे लागत. लोक फोटोत गुंतले, की ताई म्हणत, "फोटो एकाने काढा, बाकीच्यांनी बघा. घरी जाऊन सगळे तोच फोटो बघणार आहात."

पहुडलेल्या बुद्धाच्या देवळात प्रधानकाका तळपायांपाशी थांबले. त्या प्रचंड तळव्यांवर शिंपल्यांच्या तुकड्यांनी जडवलेली नक्षी आहे, चौकोनाशेजारी चौकोन. काकांनी हवेत बोटाने एक रेघ ओढली आणि मला म्हणाले, "आधी आखणी केलीय. बघा, एकही रेघ चुकलेली नाही." सबंध प्रवासातलं त्यांचं ते सर्वांत लांब बोलणं होतं. ताईंनी दुरून ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग होडीने नदीपार, चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं उंच देऊळ, पुन्हा या तीरावर, आणि जेवण.

तीनच्या सुमारास आम्ही फुलबाजारात पोचलो. झेंडूचे ढीग, मोगऱ्याचे गजरे, कमळाच्या मिटलेल्या कळ्यांच्या जुड्या. आमच्या बायका हरखून गेल्या. त्याच वेळी माझा फोन वाजला. ब्रॅकनेलमध्ये सकाळचे आठ वाजले होते आणि माझ्या मॅनेजरला एका फाइलबद्दल काहीतरी हवं होतं. मी काकांना एका दुकानाच्या सावलीत उभं केलं. म्हटलं, "काका, इथेच थांबा, दोन मिनिटं." गोंगाटात ऐकू येईना म्हणून मी कोपऱ्यावर गेलो. दोन मिनिटांची अकरा झाली. परत आलो तर सावली होती, काका नव्हते.

मी आधी स्वतःच शोधलं. त्यात आणखी दहा मिनिटं गेली, कारण मला ताईंना सांगायचं धाडस होत नव्हतं. शेवटी गाडीपाशी गेलो. ताई दारात उभ्या राहून नावं घेत होत्या. माझा चेहरा पाहिला आणि त्या थांबल्या.

"कधीपासून?"

"वीस मिनिटं."

हातातली यादी त्यांनी शेजारच्या बाईंकडे दिली, नोईला सांगितलं, "तुम्ही पुढे जा, ठरलंय ते सगळं दाखव यांना. पोलिसांना फोन कर. मी आणि हा थांबतो." बस गेली. मी बाजाराच्या गल्लीकडे धावणार तोच त्यांनी माझा दंड धरला.

"धावू नकोस. विचार कर. हरवलेलं माणूस भटकत नाही. ते घरी जायला निघतं. डेपोत दर आठवड्याला एखादा फोन असायचा, आजोबा सापडत नाहीत म्हणून. दहातले आठ बस स्टॉपवर सापडायचे."

आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. पहिल्या स्टॉपवर कुणी नव्हतं. दुसऱ्यावर शाळेची मुलं होती. ताईंचा गुडघा दुखत होता, त्या एका पायावर जोर देत चालत होत्या, पण वेग कमी करत नव्हत्या. मला मनात अनघाचा चेहरा दिसत होता. रस्त्यावर रिक्षा, मोटारसायकली, गाड्या एकमेकींना चिकटून वाहत होत्या. त्यात एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस उतरला असेल तर काय, हा विचार मी ढकलत होतो आणि तो परत येत होता.

आणखी एक स्टॉप रिकामा निघाला. त्याच्या पुढच्या स्टॉपवर, पुलाच्या अलीकडे, काका उभे होते. गळ्यातलं कार्ड काढून त्यांनी खिशात नीट ठेवलं होतं आणि हातात लंडनचा ज्येष्ठांचा बसपास धरला होता. शेजारी एक थाई बाई स्वतःची छत्री त्यांच्या डोक्यावर धरून उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. ताईंना पाहून ती हसली आणि हात जोडून बाजूला झाली.

"स्टॅनमोरची कधी येते?" काकांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "अनघा शाळेतून येईल. मला उशीर झाला."

मी सांगणार होतो, काका, हे बँकॉक आहे. ताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. त्या काकांच्या शेजारी रांगेत उभ्या राहिल्या. "स्टॅनमोरची आज उशिरा आहे," त्या म्हणाल्या. "तोवर दुसरीत बसू. उभं राहण्यापेक्षा बरं."

आली ती बस जुनी होती, खिडक्या उघड्या, छताला पंखे. आम्ही चढलो. कंडक्टर चाळिशीची बाई होती. तिच्या हातात पत्र्याची लांब नळी होती, आत तिकिटं आणि नाणी, आणि ती नळी वाजवत ती सीटमधून फिरत होती. काकांनी तिला आपला पास दाखवला. तिने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला, मग ताईंकडे पाहिलं. ताईंनी हळूच तिघांची नाणी पुढे केली. तिने तिकिटं फाडून ताईंना दिली आणि पास काकांना परत करताना मान लववून असा नमस्कार केला, की काकाही सीटवर ताठ बसले.

"चांगली कंडक्टर आहे," ताई मला म्हणाल्या. "माणसाला चारचौघांत खोटं पाडलं नाही."

आम्ही तासभर त्या बसमध्ये होतो. नोईला मी फोन केला, काका सापडल्याचं सांगितलं. चिनी वस्तीतल्या लाल पाट्या, सोन्याची दुकानं, रस्त्यावर तळणाऱ्या कढया, एका कालव्यावर वाकलेली झाडं, सगळं खिडकीतून गेलं. काका हळूहळू निवले. ताईंनी त्यांना अनघाच्या शाळेबद्दल विचारलं आणि ते सांगत राहिले: तिचा निळा कोट, तिची हरवणारी हातमोज्यांची जोडी, ती बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटसाठी कशी हट्ट करायची. शेवटच्या स्टॉपवर उतरलो तेव्हा काकांनी आजूबाजूला पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आपण परदेशात आहोत, नाही का?"

"हो," ताई म्हणाल्या. "बँकॉकला. छान आहे ना?"

टॅक्सीने आम्ही हॉटेलवर आलो. काकांना खोलीत झोपवून बाहेर आल्यावर लिफ्टपाशी मी ताईंना म्हटलं, "अनघाला सांगायलाच हवं का? काका सुखरूप आहेत. उगाच ती..."

त्यांनी भिंतीला पाठ टेकली. खूप थकल्या होत्या. "तिने मला तिचा बाप दिला होता मंदार," त्या म्हणाल्या आणि तिथेच उभं राहून फोन लावला. "अनघा, तुझे बाबा आज माझ्याकडून हरवले होते. दीड तास. आता ठीक आहेत, खोलीत झोपलेत." पलीकडून येणारा आवाज मला ऐकू येत होता. ताई मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी समोर उभा होतो, मीही घेतलं नाही.

परतल्यावर अनघाने मंडळाला पत्र लिहिलं. बैठक झाली. ताईंनी सहलींचं काम सोडते म्हणून सांगितलं. लोकांनी फार आग्रह केला नाही. वय झालं आता, असं काही जण म्हणाले. मी त्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसलो होतो आणि गप्प होतो. व्हिसा, नोकरी, नवीन घर अशी कारणं मी स्वतःला देत असे, पण त्यातल्या एकाचाही या गोष्टीशी संबंध नव्हता. मला फक्त लाज वाटत होती.

आठ महिन्यांनी एका रविवारी मी स्टॅनमोरला गेलो आणि अनघाला सगळं सांगितलं, फोन कॉलपासून. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तू ताईला हे सांगितला का, की तू इथे आलायस?" मी नाही म्हटलं. "मग जा," ती म्हणाली.

तिथून मी तडक हाउन्सलोला गेलो. ताई मागच्या अंगणात कुंड्यांतली माती सैल करत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी खुरपं खाली ठेवलं, हात झटकले.

"आठ महिने लागले तुला."

"हो."

"काहींना जन्म लागतो. चहा टाकते."

त्यानंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. पुढच्या आठवड्यात अनघाचा ताईंना फोन आला. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून दर शनिवारी ताई स्टॅनमोरला जायच्या आणि काकांना घेऊन बाहेर पडायच्या. कुठल्या तरी बसमध्ये चढायचं, शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, कॉफी घ्यायची आणि परत यायचं. काका दर वेळी नव्याने लंडन पाहत. दोन वर्षं हे चाललं. त्यांचा एकही शनिवार चुकल्याचं मला आठवत नाही.

मागच्या फेब्रुवारीत ताई गेल्या, झोपेतच. अंत्यविधीला लोक मावले नाहीत. डेपोतले जुने ड्रायव्हर होते, मंडळातली माणसं होती, शेजारची पंजाबी कुटुंबं होती. अनघा बोलायला उठली. तिने मुद्दाम मराठीत बोलायचं ठरवलं होतं.

"ताईंनी माझा बाबाला हरवला, आणि स्वतः फोन करून सांगितला. मी त्यांना खूप वाईट बोलली. वीस मिनिट. त्यांनी फोन ठेवला नाही. सगळा ऐकला. मी लॉयर आहे, मी रोज लोक बघते जे सांगत नाहीत." ती थांबली. "माझा मराठी चांगला नाही. पण त्यांना हे मराठीत सांगायचा होता."

बाहेर आल्यावर ती माझ्याजवळ आली. काका तिच्या दंडाला धरून उभे होते, भांग नीट, कोटाची बटणं लावलेली. कोण गेलं ते त्यांना नक्की कळलं नव्हतं. अनघा म्हणाली, "शनिवारी मला काम असतो. तू येशील?"

मी येतो म्हणालो, आणि जातो. दर शनिवारी काका माझ्याशी हात मिळवतात आणि अदबीने नाव विचारतात. मी सांगतो.