उरलेल्या गोळ्या

पाठ वाकत चालल्याचं टेलरमावशींना त्यांच्या कात्रीने सांगितलं. पाळी जाऊन काही वर्षं झाली होती. स्वतःचा ब्लाउज बेतताना पाठीचा भाग लांब आणि पुढचा आखूड कापावा लागला, तेव्हा गळ्यात टेप तसाच ठेवून त्या उभ्या राहिल्या. पोक आलेल्या म्हाताऱ्यांचे कपडे त्या असेच तर बेतत. आता कात्री किती दिवस हातात राहणार?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत. त्यांनी दिलेल्या औषधाने छातीत जळजळायचं. मावशींनी ते गुपचूप बंद केलं.

लेक एका प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करायची. एकदा जेवताना म्हणाली, "आई, गंमत ऐक. बाबा हृदयासाठी घ्यायचे ना, त्याच औषधाने आमच्या उंदरिणींची हाडं झिजायची थांबतायत."

"म्हणजे माझ्यापेक्षा तुझ्या उंदरिणी नशीबवान!"

"अगं, माणसांना लागू पडेल की नाही, कुणाला ठाऊक! वर्षं जातील त्यात."

एवढी वर्षं मावशींनी कुठून आणायची? नवऱ्याच्या गोळ्या कपाटात होत्याच. माणूस गेला, पाकिटं राहिली. मावशींनी जन्मात कधी चिंधीसुद्धा टाकली नव्हती. आणि याच गोळ्या त्यांनी रोज त्याच्या तळहातावर ठेवल्या होत्या. त्यांना त्या परक्या वाटेनात. लेक ओरडेल म्हणून तिला काही न सांगता त्यांनी त्या सुरू केल्या.

एका सकाळी त्या मशीनवरून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडताना उजवा हात टेकला, मनगट काडीसारखं मोडलं. रक्तदाब एवढा कशाने उतरला, असं दवाखान्यात विचारल्यावर त्यांनी गोळ्यांचं सांगून टाकलं.

"मला विचारायचंस तरी!" लेक म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते! दुसऱ्याच्या मापाने कुणाचा कपडा कापलायस का गं कधी?" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

प्लास्टर निघालं, पण बोटं कात्रीवर मिटेनात. गिऱ्हाइकं खोळंबली, तेव्हा लेक म्हणाली, "तू रेघा मार, मी कापते."

मावशींनी डाव्या हाताने कशाबशा रेघा मारल्या. लेकीने जीव मुठीत धरून कापलं, तरी काखेपाशी कात्री घसरलीच.

"चालेल का गं, आई?"

वाकडं कापड मावशींनी दुकानात कधी कुणाचं चालवून घेतलं नव्हतं.

"चालेल," त्या म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.