आत्यांचा एकच शब्द

मी इथले अनुभव वाचणारी आहे, लिहिणारी नाही. लॅबमधून घरी आले की जेवता जेवता वाचते आणि दर वेळी मनात म्हणते — झोप झाली नसेल, ताप असेल, हिमोग्लोबिन कमी असेल… मुरुमला एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त-लघवी तपासण्याचं काम करते. अंगात येतं म्हणून धरून आणलेल्या बायकांची शुगर मी माझ्या हातानं मोजलीय. त्यामुळं भूत, संकेत, बाहेरचं, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आता आहे का, ते विचारू नका. घडलं तसं सांगते.

मला कोरियन आणि चायनीज सिरियल्सचा नाद आहे. लॉकडाऊनमध्ये लागला, तो सुटलाच नाही. लोक हसतात — चाळिशीतली बाई, मुरुमसारख्या गावात, आणि बघते काय तर कोरियाच्या पोरापोरींची प्रेमं! पण मला त्यातली प्रेमं तेवढी आवडत नाहीत, मला त्यातलं गप्प बसणं आवडतं. एखादी बाई रडत असते आणि शेजारचा माणूस काही न बोलता तिच्यापुढं सूपचा वाडगा सरकवतो. आमच्याकडं कुणी गप्प बसलं की समजायचं, रागावलंय. तिथं गप्प बसून माया करतात. हे बघताना मला दर वेळी गलबलून येतं.

हे सगळं मी माझ्या सासूबाईंबरोबर बघायचे. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. मिस्टर, म्हणजे संजय, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, ते संध्याकाळीच यायचे. मुलगी श्रेया शाळेत. माझी लॅब सकाळची, त्यामुळं दुपारी घरात आम्ही दोघीच. एकदा आत्या पाणी प्यायला म्हणून आल्या आणि मागं उभ्या राहून बघत बसल्या.

"काय बगूलालीस गं? कुठल्या मुलखाची माणसं ही?"

"कोरियाची, आत्या."

"दारात बूट काढूनशान आत आली बघ. चांगल्या घरची हाय पोरगी."

तेव्हापासून रोजचंच झालं. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा आणि दोघींनी भिंतीला टेकून बसायचं. पण आत्यांना त्या भाषेचा आवाज अजिबात सोसायचा नाही. "त्येंची किचकिच मला नगं. तू सांग." म्हणून इअरफोन माझ्या कानात असायचे, खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी मराठीत सांगायचे. त्या फक्त चित्र बघायच्या आणि माझं ऐकायच्या. चायनाच्या राजवाड्यातल्या सिरियल्स त्यांना जास्त पसंत. राण्यांनी एकमेकींच्या चहात विष कालवलं की म्हणायच्या, "एवढं सोनं डोस्क्यात घालूनशान ह्येंच्या जिवाला काय सुख न्हाय बघ." कोरियन बायका रडायला लागल्या की मात्र त्यांच्याही डोळ्यांना पदर लागायचा.

मग एका सकाळी आत्यांच्या हातातून चहाची बशी निसटली. तोंड एका बाजूला गेलं. सोलापूरला नेलं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. बोलण्याच्या भागालाच मार लागलाय, असं डॉक्टर म्हणाले. समजेल सगळं, पण शब्द येणार नाहीत. आले तर एखाद-दुसरा, कधी येईल सांगता येत नाही.

घरी आणल्यावर त्यांच्या तोंडून नुसतं 'अं… अं…' यायचं. संजयचं नाव घ्यायला जायच्या, घामाघूम व्हायच्या, आणि रडायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर गल्लीला बोलून हसवलं, तिचं असं झालेलं बघवायचं नाही. मी पुन्हा दुपारी मोबाइल लावायला लागले. तसंच, इअरफोन माझ्या कानात, मी सांगतेय, त्या बघतायत. तेवढीच एक गोष्ट आमच्याकडं पहिल्यासारखी उरली होती.

शेजारच्या शांताकाकू रोज येऊन आत्यांची वेणी घालायच्या. दोघी एकाच साली सुना म्हणून या गल्लीत आलेल्या. त्या दिवशी काकू निरोप घ्यायला आल्या होत्या. लेकीकडं तेरला निघाल्या होत्या, थोडे दिवस राहायला. वेणी घालून उठल्या तशी आत्यांनी डाव्या हातानं त्यांचा पदर धरला, आणि स्पष्ट म्हणाल्या — "काजिमा."

शेवटचं अक्षर जरासं ओढून.

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. कोरियन सिरियल बघणाऱ्या कुणालाही हा शब्द सांगावा लागत नाही. विमानतळावर, दवाखान्याच्या दारात, पावसात… प्रत्येक सिरियलमध्ये कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतंच. जाऊ नको.

काकूंना आनंद झाला. "बोलली! बोलली गं माझी बाई! काळजी म्हणतीया. न्हाय करत काळजी, आठ दिसांत येते बघ." आणि पदर सोडवून गेल्या. मीही आनंदातच होते. शब्द कुठलाही असो, आला तरी!

काकू परत आल्या नाहीत. लेकीच्या घरी झोपेतच गेल्या. वय झालं होतं, बीपी होतं, रिपोर्ट माझ्याच लॅबचे होते. मी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्याच नाहीत.

शब्द आला त्याच संध्याकाळी संजयना मात्र त्याचं सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुझ्या मोबाइलमधून ऐकला असेल." मी म्हटलं, "अहो, आवाज तर माझ्या कानात असतो. त्यांनी एक शब्द कधी ऐकला नाही." श्रेया असलं काही बघत नाही. मी स्वतः तो शब्द कधी मोठ्यानं उच्चारल्याचं मला आठवत नाही, मी मराठीतच सांगायचे. सोलापूरच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं तर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून निरर्थक आवाज येतात, कधी शब्दासारखे वाटतात. आत्यांचं माहेर कर्नाटकातल्या आळंदकडचं, म्हणून कुणी म्हणालं कन्नड असेल. लॅबमध्ये येणाऱ्या एका कन्नड बोलणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली, असा शब्द नाही.

मग निरर्थकच म्हणायचं, असं ठरवून मी तो विषय सोडून दिला.

माझे धाकटे दीर नागेश आणि त्यांची बायको मनीषा माकणीला राहायचे. तिथं भाऊजींचं जळलेल्या पाण्याच्या मोटारी भरून, म्हणजे दुरुस्त करून द्यायचं दुकान होतं. सुट्टी असली की आईला बघायला यायचे आणि येताना धरणातले मासे आणायचे. आत्यांशी ते एकटेच पहिल्यासारखं बोलायचे. प्रश्न विचारायचे, उत्तरही स्वतःच द्यायचे. "काय आई, सून छळती का? व्हय म्हणती बघा वहिनी!" आत्या तोंड वाकडं करून हसायच्या.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर चहा झाला, भाऊजी गाडीची किल्ली घेऊन उठले. आईच्या पाया पडायला वाकले तसा आत्यांनी त्यांचा शर्ट मुठीत धरला.

"काजिमा."

भाऊजी हसले. "न्हाय करत काळजी."

"काजिमा… काजिमा…" डोळ्यांतून पाणी. मूठ सुटेना.

मी तिथंच उभी होते. म्हटलं, "भाऊजी, काळजी नाही म्हणत. जाऊ नको म्हणतायत."

"कुणाच्या भाषेत?"

"कोरियन."

आता लिहितानाही कळतंय, हे कसं ऐकू आलं असेल. संजय मोठ्यानं हसले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं पिक्चर लई डोस्क्यात गेलंय बघा."

"असू दे. पण आज राहा की. मनीषाला मी फोन करते."

"एकाची मोटार जळलीया, ऊस वाळूलालाय त्याचा. सकाळच्याला द्यायची हाय." त्यांनी आईची बोटं एकेक करून सोडवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला, जणू तीच लेकरू आहे, आणि गेले. आत्या दाराकडं बघत तो शब्द म्हणतच राहिल्या. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला तेव्हा थांबल्या.

लोहाऱ्याच्या पुढं रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. दिवेलागणीची वेळ, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. संजयना फोन आला तेव्हा मी आत्यांना भात भरवत होते. त्यांनी घास तोंडातच धरून ठेवला, गिळला नाही, थुंकला नाही. कुणी काही सांगायच्या आधीच.

माकणीला भाऊजींची माती झाली. बायका बाजूला झाल्यावर माझी जाऊ, मनीषा, माझ्याजवळ आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"जाऊबाई, आत्या काय म्हणल्या होत्या त्यांना?"

मी सांगितलं.

"तुमाला कळलं होतं?"

"शब्द कळला होता, मनीषा."

"मग धरून का न्हाय ठेवलं वो तुमी?"

मी तिच्याशेजारी तशीच बसून राहिले. तीही उठून गेली नाही.

त्यानंतर घराचं काय झालं ते सांगणं अवघड आहे. माझ्या मनात शांताकाकूंचं ते जाणं तेव्हाच पहिल्यांदा जोडलं गेलं, आणि मग ते सुटेना. संजयनी मोबाइल लावायला मनाई केली. मलाही नकोच होता. दुपारी आत्या भिंतीकडं बघत पडून राहायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत. दूधवाला निघाला की त्यांच्या तोंडाकडं बघायचं, मी लॅबला निघाले की बघायचं. आजारी म्हाताऱ्या बाईची सेवा करायची आणि तिच्या ओठांना भ्यायचं — कुणावर ही वेळ येऊ नये. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या बंद झाल्या. आल्या तरी उंबऱ्याबाहेरूनच विचारायच्या.

श्रेया अकरावीला लातूरला निघाली. बॅग रिक्षात ठेवली, ती आजीपाशी गेली. मी दाराची चौकट धरून उभी. आत्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कपाळाशी नेऊन मोडली. बोलल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

आणि मग संजयची पाळी आली.

धाराशिवला शिक्षकांचं ट्रेनिंग होतं. चुकवता येण्यासारखं नव्हतं, आणि त्यांच्या शाळेतले दोघं-तिघं एकाच गाडीनं निघाले होते. गाडी दारात येऊन हॉर्न वाजवत होती. "आई, जाऊन येतो," असं त्यांनी लांबूनच म्हटलं. मला वाटतं, मुद्दामच लांबून.

"काजिमा."

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, मलाच भास झाला. पण संजय थांबले होते. माझ्याकडं बघितलं.

ते बाहेर गेले, गाडीवाल्यांशी काहीतरी बोलले. पुन्हा गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले. उघडले तर ते दारात बूट काढत होते.

"पोट दुखतंय म्हणून सांगितलं," म्हणाले, आणि आत येऊन आईजवळ खाली बसले. आत्यांनी त्यांचा हात घेतला. कित्येक महिन्यांत माय-लेक असे बसले नव्हते. संजयनी तिला लहानपणीच्या गोष्टी काढून काढून सांगितल्या… विहिरीत पडलेली बादली, नागेशनं बुडवलेली शाळा. नागेशचं नाव अपघातानंतर घरात पहिल्यांदा निघालं. आत्या ऐकत होत्या. दुपारी मी चहा घेऊन गेले तर संजय मान खाली घालून बसलेले. हात अजून तिच्या हातात होता. आत्या गेल्या होत्या. कधी, ते त्यांनाही कळलं नव्हतं.

आणि ती गाडी? ती धाराशिवला सुखरूप पोचली आणि संध्याकाळी सुखरूप परत आली. ओरखडासुद्धा नाही. ते सगळे तसेच आमच्याकडं मातीला आले.

मी तेव्हापासून विचार करतेय. गाडीत काही होणारच नव्हतं, तर त्यांनी लेकाला का थांबवलं? आपल्यासाठी? मग शांताकाकूंना आणि नागेशना थांबवलं ते कुणासाठी? त्यांना पुढचं दिसत होतं, की प्रत्येक जाणाऱ्याला त्या नुसतं 'थांब की जरा' म्हणत होत्या आणि बाकीचं आम्हीच जोडलं? आणि हे सगळं सोडलं तरी, कधी न ऐकलेल्या भाषेतला तो एकच शब्द, अर्थासकट, त्यांच्या तोंडात आला कुठून? मराठीतले सगळे शब्द गेल्यावर? माझ्याकडं उत्तर नाही. डॉक्टरांकडं नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असलं तर सांगा, पण मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

संजयशी मी यावर बोलत नाही. तेही काढत नाहीत. फक्त सकाळी शाळेला निघताना ते उंबऱ्यात क्षणभर थांबतात, पाठ माझ्याकडं असते. मी गप्प राहते. मग ते जातात.